बाबूराव पेंटरांचा मूकपट त्याच्या खऱ्या चालीनं दाखवा : नवी मुंबईच्या आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका,
सीबीडी बेलापूर

विषय : बाबूराव पेंटर यांच्या जयंतीदिनी, ३ जूनला, विष्णुदास भावे नाट्यगृहात मूकपटाचा खेळ ठेवण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

येत्या ३ जूनची संध्याकाळ वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात मूकपटासाठी राखून ठेवावी, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी फिरणारी, माणसं भराभर पळताना दिसणारी जुनी चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मला ती नकोत. मी मागते तो खेळ असा : योग्य गतीनं चालणारी चित्रफीत, पडद्याच्या बाजूला पेटी-तबला घेऊन बसलेले वादक आणि दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा निवेदक. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या माणसांनी सिनेमा असा पाहिला. नवी मुंबईत तो तसा पाहायला मिळावा, एवढीच माझी मागणी आहे.

पत्र खुलं ठेवलं, कारण नाट्यगृह आपल्या ताब्यात असलं तरी ते भरायचं काम आमचं, म्हणजे इथल्या रहिवाशांचं, शाळांचं आणि भजनी मंडळांचं आहे. त्यांनीही हे वाचावं.

मी कोपरखैरण्यात राहते आणि शाळेत चित्रकला शिकवते. माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं. वडील तरुणपणी गाव सोडून मुंबईला आले, मशीद बंदरच्या गोदामांत त्यांनी पाठीवर पोती वाहिली आणि घाऊक बाजार खाडी ओलांडून वाशी-तुर्भ्याला आला, तेव्हा बाजारामागोमाग तेही इकडे आले. कोपरखैरणे आणि घणसोलीच्या माथाडी वसाहतींत कुठल्याही जिन्यात उभं राहा, पाटण, जावळी, शिराळा, शाहूवाडी हीच नावं कानावर येतील. घरची ही हकिगत इथं सांगायचं कारण बाबूरावांच्या एका चित्रपटात आहे. पण त्याआधी बाबूराव कोण होते ते सांगायला हवं, कारण माझ्या वर्गातल्या मुलांना दादासाहेब फाळके ठाऊक असतात आणि बाबूराव पेंटर हे नाव त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. घराणं कारागिरांचं. रीतसर शिक्षण फारसं झालं नाही, चित्रकला आणि शिल्पकला पाहून आणि करून शिकले. नात्यानं भाऊ असलेले आनंदराव आणि बाबूराव या जोडीनं संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’साठी त्यांनी केलेल्या पडद्यांची त्या काळी ख्याती होती. ‘पेंटर’ हे आडनाव लोकांनी दिलेलं आहे, कामावरून पडलेलं.

१९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांच्या डोक्यात चित्रपटानं घर केलं. मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला, चित्रपट दाखवता दाखवता त्याचं यंत्र समजून घेतलं. आता स्वतःचा कॅमेरा करायचा, असं ठरलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. काम अर्धं राहिलं होतं. ते बाबूरावांनी त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून पुढं नेलं आणि १९१८ मध्ये कोल्हापुरात घडवलेला कॅमेरा चालू झाला.

या कॅमेऱ्याबद्दल शिक्षिका म्हणून मला जरा थांबून सांगावंसं वाटतं. चित्रपटाच्या कॅमेऱ्यातलं सगळ्यात अवघड काम फिल्म पुढं सरकवण्याचं असतं. फिल्म अखंड सरकत राहिली तर चित्र पुसट येतं. ती क्षणभर अगदी स्थिर उभी राहिली पाहिजे, त्या क्षणी झडप उघडून बंद झाली पाहिजे, मग एका आकड्यानं कडेच्या भोकांत अडकून तिला बरोबर एका चित्राइतकं पुढं ओढलं पाहिजे आणि पुन्हा स्थिर केलं पाहिजे. हे एका सेकंदात सोळा वेळा, तेही हातानं हँडल फिरवत. दात्यांच्या चाकात केसभर फरक पडला तरी पडद्यावरचं चित्र थरथरतं. पडदे रंगवणाऱ्या आणि यंत्रांचं वेड असणाऱ्या माणसांनी हे कोल्हापुरात, स्वतःच्या हातांनी जमवलं. आमच्या शाळेतल्या मुलांना मी कार्यानुभवाच्या तासाला हे सांगते तेव्हा ती टक लावून ऐकतात.

मग महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तानीबाई कागलकर या गायिकेनं पैसा पुरवला, शाहू महाराजांचा आश्रय लाभला. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कीचकवधाची कथा मराठी माणसाला नवी नव्हती. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारनं बंदी घातली होती, कारण त्या कीचकात प्रेक्षकांना इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसत होता. आता तोच कीचक पडद्यावर मरताना लोकांनी पाहिला. तो वध इतका खरा वाटला की त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. टिळकांच्या आयुष्याचे ते शेवटचे महिने होते.

‘सैरंध्री’मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, हे मुद्दाम लिहिते. कोल्हापूरच्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यासाठी कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, अण्णा साळुंके या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं होतं. नाटकांतही पुरुषच नायिका होत होते आणि बालगंधर्वांच्या लुगड्याची तऱ्हा घराघरांत उचलली जात होती. अशा काळात या दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्याबद्दल त्यांना आपल्या लोकांचा बहिष्कार सोसावा लागला. बाबूरावांचं नाव घेताना या दोघींचं नाव मागं राहतं. ३ जूनला निवेदकानं पहिल्या पाच मिनिटांत त्यांची नावं घ्यावीत, असा माझा आग्रह राहील.

बाबूराव दिग्दर्शक होते, तसेच नटही होते. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली. हरी नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. त्यांच्या कंपनीत अभिनय ही कुणा एकाची मिरास नव्हती. कॅमेऱ्यामागं राबणारी माणसं गरजेप्रमाणं समोर येऊन उभी राहत. फत्तेलाल, धायबर हेही ‘सिंहगड’मध्ये दिसले. व्ही. शांताराम नावाचा पोरगेला तरुण १९२० मध्ये कंपनीत आला, पडेल ते काम करत शिकला आणि ‘सुरेखाहरण’मध्ये श्रीकृष्ण झाला.

‘सिंहगड’मध्ये चित्रकार बाबूराव मला सगळ्यात जास्त दिसतात. तोवर आपल्याकडं चित्रीकरण सूर्यप्रकाशात चाले. पण तानाजीची चढाई रात्रीची आहे. फेब्रुवारी १६७० ची ती रात्र भर उन्हात दाखवणं त्यांना मानवलं नाही, म्हणून त्यांनी कृत्रिम दिव्यांवर चित्रीकरण केलं. आज सांगताना ही किरकोळ गोष्ट वाटते, पण उजेड कुठून यावा हे ठरवणं म्हणजे चित्रकारानं कॅमेऱ्याची सूत्रं हातात घेणं होतं. सपाट रंगवलेले पडदे बाजूला सारून खोली असलेले नेपथ्य उभारायलाही त्यांनीच सुरुवात केली, म्हणजे ज्या पडद्यांनी त्यांना नाव दिलं ते त्यांनीच खाली उतरवले. पात्रांची, पोशाखांची आणि हालचालींची रेखाटनं ते चित्रीकरणाआधी करून ठेवत. ‘सिंहगड’ला गर्दी एवढी लोटली की सरकारचं लक्ष तिकिटाच्या पैशांकडं गेलं आणि करमणूक कर आला, असं चित्रपटसृष्टीत आजही सांगितलं जातं.

त्यानंतरचा ‘कल्याण खजिना’ १९२४ चा. खजिना आपल्या शेजारच्या कल्याणचा. त्या चित्रपटाचं बाबूरावांनी रंगवलेलं पोस्टर भारतीय चित्रपटाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध पोस्टरांपैकी एक मानलं जातं. ठाण्याहून लोकलनं कल्याणला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आता त्या एका चित्रपटाकडं येते. १९२५ चा ‘सावकारी पाश’.

कथा नारायण हरी आपट्यांची. एक शेतकरी कर्जात अडकतो, सावकार खोट्या कागदांच्या जोरावर त्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी गाव सोडून शहरात येतो, गिरणीत कामगार होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते आणि सावकार झुंजारराव पवारांनी केला. १९२५ साल ध्यानात घ्या. पडद्यावर देव, असुर, राजे आणि पऱ्या यांचं राज्य होतं. चमत्कार पाहायला लोक पैसे मोजत होते. अशा वेळी ज्यानं पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांतून नाव कमावलं, त्या माणसानं कॅमेरा वळवला तो कर्जबाजारी कुणब्याकडं. प्रेक्षकांनी त्याला फार साथ दिली नाही. ज्यांच्या घरी हेच चाललं होतं, त्यांना ते तिकीट काढून पाहावंसं वाटलं नसेल, असा माझा तर्क आहे. बाबूराव पुन्हा ऐतिहासिक-पौराणिक कथांकडं वळले. पण हा विषय त्यांच्या मनातून गेला नव्हता. बोलपट आल्यावर १९३६ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा केला. एकाच कथेकडं अकरा वर्षांनी परतणारा दिग्दर्शक तिथं काही सांगायचं राहिलं म्हणूनच परततो.

महोदय, नवी मुंबईत ही कथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या डोंगराळ पट्ट्यातून दोन-तीन एकर कोरडवाहूवर भागत नाही म्हणून जी माणसं मुंबईला आली, त्यातली काही गिरणीत गेली, काही गोदीत, काही बाजारात. बाजारात आलेल्यांसाठी अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि त्यांच्या मुलाबाळांनी या शहरात घरं केली. ‘सावकारी पाश’चा शेतकरी गाव सोडतो, त्यानंतरचा भाग कोपरखैरण्याच्या आणि घणसोलीच्या वसाहतींत घडला आहे. आणि ज्या आगरी-कोळी गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे नगर उभं राहिलं, त्यांना जमीन जाणं म्हणजे काय हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे. १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईला गोळीबारात माणसं गेली, ती जमिनीच्या मोबदल्यासाठीच लढत होती. सावकारानं खोट्या कागदानं जमीन बळकावणं आणि सरकारनं नगरासाठी ती संपादित करणं या दोन गोष्टी मी एक मानत नाही. पण सातबाऱ्यावरचं नाव गेल्यावर घरात जी शांतता येते ती दोन्हीकडं सारखीच असते, आणि ती पडद्यावर मांडायचा विचार मराठी माणसानं १९२५ मध्ये केला होता, हे इथल्या लोकांना कळावं.

दुःख असं की तो मूकपट आपल्याला पाहता येणार नाही. तो उरलेला नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, असं मानतात आणि त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांच्या रूपात तिसाहून कमीच उरले आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेते आणि पेटली नाही तरी डब्यातल्या डब्यात चिकट होऊन शेवटी तिचा भुगा होतो. त्यात चांदी असते, म्हणून जुनी रिळं वितळवून चांदी काढून घेतली गेली. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि मूकपटांची किंमत रद्दीची झाली. मालकांना गोदामाचं भाडंही परवडेना. ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’, ‘कल्याण खजिना’, ‘सावकारी पाश’ ही नावं मी इथं लिहिते ती छायाचित्रं, पोस्टरं, जाहिराती आणि लोकांच्या आठवणी यांच्या आधारावर. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत बाबूराव कसे चालत, मान कशी वळवत, हे आपल्यापैकी कुणीच पाहू शकणार नाही.

कंपनीचंही पुढं तेच झालं. १ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी बाहेर पडून कोल्हापुरातच ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढली. त्यानंतर दोनेक वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी मिटली. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. त्या दोघांचे हात बाबूरावांच्या कारखान्यात तयार झाले होते. बाबूरावांनी बोलपटही केले, पण त्यांचा जीव पुढं रंगांत आणि शिल्पांतच जास्त रमला. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले.

तरीही सगळं गेलेलं नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी आयुष्यभर डबे गोळा करून जे वाचवलं, त्यात बाबूरावांच्या १९२७ च्या ‘मुरलीवाला’चा भाग आहे, ‘सती सावित्री’चा भाग आहे. आणि फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ तर बराचसा शाबूत आहे. त्यात बाळकृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते, राग, भीती, हसू. माझ्या सहावी-सातवीच्या मुलांना शंभर वर्षांपूर्वीची ही त्यांच्याहून लहान मुलगी पाहू द्या, बाकी काही सांगावं लागणार नाही.

माझी सूचना अशी की ‘मुरलीवाला’चा उपलब्ध भाग आणि ‘कालिया मर्दन’ हे एकाच संध्याकाळी दाखवावेत. दोन्हींत कृष्ण आहे. एक नाशिकच्या फाळक्यांचा, एक कोल्हापूरच्या बाबूरावांचा. मूकपटाचा महाराष्ट्र या दोन गावांनी घडवला.

आता गतीबद्दल. याच मुद्द्यासाठी पत्र इतकं लांबलं, असं समजा.

काही वर्षांपूर्वी एका सभागृहात, एका संस्थेच्या कार्यक्रमात मूकपटाचा तुकडा दाखवला गेला. माणसं टुणटुण उड्या मारत चालत होती, देव घाईघाईनं आशीर्वाद देत होते. पाठीमागं कुठल्यातरी नव्या मालिकेचं संगीत लावलं होतं. सभागृह खदखदून हसलं. शेजारचे काका म्हणाले, “तेव्हाची माणसं भोळी होती, एवढ्यावर खूश व्हायची.” मला त्या हसण्याचा राग आला नाही. पडद्यावर दिसत होतं ते खरंच हास्यास्पद होतं. पण ते तसं चित्रित झालेलं नव्हतं.

हिशेब साधा आहे. मूकपटाचा कॅमेरा हातानं फिरवत, हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. थोडं इकडंतिकडं होई, पण साधारण सोळा ते अठरा. बोलपट आल्यावर आवाजासाठी ही गती चोवीसवर कायम झाली. सोळाच्या गतीनं टिपलेली माणसं चोवीसच्या गतीनं दाखवली की ती दीडपट वेगानं चालू लागतात. एक फूट फिल्मवर सोळा चित्रं असतात. म्हणजे हजार फुटांचं एक रीळ खऱ्या गतीनं सुमारे साडेसोळा मिनिटं चालतं, चुकीच्या गतीनं अकरा मिनिटांत संपतं. जी साडेपाच मिनिटं कापली जातात, ती नटाच्या अभिनयातून कापली जातात. मूकपटाच्या नटाकडं शब्द नाहीत. त्याचं सगळं बोलणं डोळ्यांत, हाताच्या संथ हालचालीत, थबकण्यात असतं. त्याचं थबकणंच आपण खाऊन टाकलं तर उरेल काय? पाट्याही तशाच भर्रकन जातात, हळूहळू वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची पाटी अर्ध्यातच निघून जाते.

हे आज दुरुस्त करणं मुळीच कठीण नाही. डिजिटल प्रत योग्य गतीला बसवून मिळू शकते, फक्त तसं मागावं लागतं आणि खेळाआधी एकदा पडद्यावर चालवून बघावं लागतं. बघायचं कसं, तेही सांगते. पडद्यावर साधं चालणारं माणूस शोधायचं. ते आपल्यासारखं चाललं की गती बरोबर. नाट्यगृहाच्या तंत्रज्ञांबरोबर बसून हे तपासायला मी आनंदानं येईन.

संगीताचंही तेच. मूकपट कधी मुका दाखवला जात नव्हता. पडद्याजवळ पेटी, तबला, कधी सारंगी असे. वादक पडद्याकडं बघत वाजवत आणि प्रेक्षकांतून दादही मिळे. आपल्याकडं त्यासाठी बाहेरून कुणाला बोलवायची गरज नाही. आपल्या गावठाणांत भजनी मंडळं आहेत, घणसोलीत, दिवाळ्यात, सारसोळ्यात, माझ्या कोपरखैरण्यात. वसाहतींत पश्चिम महाराष्ट्राच्या वारकऱ्यांचे मृदंगी आहेत. कृष्णाची गवळण ज्यांच्या ओठांवर आहे आणि पेटीवर ज्यांची बोटं न बघता फिरतात, त्यांना ‘कालिया मर्दन’ दोनदा आधी दाखवा आणि कालिया डोहात कृष्ण उतरतो तेव्हा काय वाजवायचं ते त्यांच्यावर सोडा. रेकॉर्ड केलेलं पार्श्वसंगीत मात्र नको. वादकांना योग्य मानधन हवं, हार-नारळावर भागवू नये.

३ जूनला शाळा सुरू झालेल्या नसतात, हे मला माहीत आहे. वसाहतीतली बरीच मुलं तेव्हा गावीच असतात. म्हणून ३ जूनचा खेळ मोठ्यांसाठी असावा, तोही दुपारी चारच्या आधी नको, कारण बाजारातल्या माणसाचा दिवस पहाटे सुरू होतो आणि दुपारी त्याला पाठ टेकायची असते. संध्याकाळी सहा ही चांगली वेळ. शाळा उघडल्यावर जूनच्या शेवटच्या आठवड्यात महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी त्याच वादकांसह सकाळचा एक खेळ करावा. आमच्या वर्गांत मराठीबरोबर हिंदी, भोजपुरी, कन्नड, तेलुगू घरी बोलणारी मुलं बसतात. निवेदकानं पाटी मराठीत वाचली तरी पुढचं ती चेहऱ्यांवरूनच समजून घेतील. नंतर प्रत्येकानं पाहिलेल्या एका प्रसंगाचं चित्र काढायचं, रंग आणि कागद शाळेचे. त्या चित्रांचं प्रदर्शन नाट्यगृहाच्या दालनात आठवडाभर राहू द्या, आणि त्याच्या शेजारी बाबूरावांच्या पोस्टरांच्या प्रती लावा. पोस्टर रंगवणारा माणूस आणि पोस्टर बघून रंगवणारी मुलं एका भिंतीवर.

खर्चाचा मुद्दा निघेल. नाट्यगृह आपलं आहे, प्रोजेक्टरची सोय करता येते, खर्च उरतो तो प्रतीचं शुल्क, वादक आणि निवेदक यांचा. महापालिका एरवी ज्या कार्यक्रमांवर मंडप आणि ध्वनिवर्धक उभे करते, त्यांच्या मानानं हा लहान आकडा असेल. प्रवेश विनामूल्य ठेवावा, पण जागा आधी नोंदवून घ्याव्यात आणि निम्म्या जागा माथाडी वसाहतींना आणि गावठाणांना द्याव्यात. एरवी अशा कार्यक्रमांना आम्ही चार चित्रपटप्रेमी एकमेकांचे चेहरे बघत बसतो. यावेळी तसं होऊ नये.

पुण्याच्या संग्रहालयाकडं प्रतींची मागणी करायला एका शिक्षिकेच्या पत्रापेक्षा महापालिकेच्या पत्राला वजन राहील. मागणीचा मसुदा मी तयार केला आहे. कोणत्या चित्रपटाची प्रत, कोणत्या गतीला बसवलेली, पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात, हे त्यात लिहिलं आहे. तो आपल्या सांस्कृतिक विभागात आणून देते. वादकांची सराव बैठक मे महिन्यात घ्यावी लागेल, म्हणजे प्रती एप्रिलअखेरपर्यंत हाती यायला हव्यात. त्या हिशेबानं मागणीचं पत्र लवकरात लवकर जावं. भेटीची वेळ कळवावी, शाळा सुटल्यावर साडेबारानंतर कुठल्याही दिवशी मी बेलापूरला येऊ शकते.

आपली नम्र,
कोपरखैरणे येथील एक चित्रकला शिक्षिका